पद्मिनीचा रेडिएटर: तांबं की ॲल्युमिनियम?

प्रश्न: वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो. रेडिएटर गळतोय. ॲल्युमिनियमचा बसवू का?
– एक वाचक, टेंभी नाका, ठाणे

उत्तर: नको. तांबं-पितळेचाच ठेवा. वरची-खालची पितळी टाकी शाबूत असेल, तर फक्त आतला कोअर नवा घालून घ्या; कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीचं मूळ रूप टिकेल.

तांबं ॲल्युमिनियमच्या सुमारे १.७ पट उष्णता वाहून नेतं. ॲल्युमिनियमचा रेडिएटर रुंद नळ्यांनी ही कसर भरून काढतो आणि हलकाही असतो, हे खरं. पण तुमच्या १०८९ सीसी इंजिनाला त्याची गरज नाही. शिवाय तांबं-पितळेची गळती कसबी कारागीर डाख देऊन बंद करतो. ॲल्युमिनियमला वेगळं वेल्डिंग लागतं, आणि नळाचं साधं पाणी भरत राहिलात तर ते पाणी त्याला आतून लवकर खातं.

नवरात्राच्या गर्दीत टेंभी नाक्यावर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, तेव्हा धातूपेक्षा पंखा महत्त्वाचा. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून इंजिन मंद असताना हवाही कमी ओढतो. पट्टा सैल नको. थर्मोस्टॅट तपासा. इंजिनातला गाळ धुऊन काढल्याशिवाय नवा कोअर जोडू देऊ नका, नाहीतर तोच गाळ नव्या नळ्यांत बसेल.

रेडिएटरचं झाकण मूळ दाबाचंच घ्या. जास्त दाबाचं घातलं तर जुने सांधे उकलतात. डिस्टिल्ड पाणी आणि तांबं-पितळ व डाखाला चालेल असं कूलंट भरा. गाडी ताब्यात घेण्याआधी रेडिएटरची हवेच्या दाबाने गळती-चाचणी समोर उभं राहून करून घ्या.