उलटं आलेलं पाणी

जुलैतल्या एका रात्री आमच्या मोरीत पाणी उलटं आलं. जाळीतून आधी बुडबुडे, मग काळसर पाणी आणि त्यावर चहाचा चोथा. आमच्याकडचा चोथा गुलाबाच्या कुंडीत जातो, म्हणजे हा शेजारच्यांचा.

चूक बांधकामातलीच. आधी मोरीची फरशी बसवली आणि मग पाईप घेऊन गटाराकडे निघालो. अंतर 30 फूट. चार इंची पाईपला चाळीसास एक उतार धरला, तर 9 इंच हवेत. मोरी आणि पावसाळ्यातलं तुडुंब गटार यांत फरक होता जेमतेम 3 इंचांचा. मग प्लंबरने पाईपचं तोंड गटाराच्या तळाशी नेलं. "पाणी काय काका, वाट काढतंच." मीही मान डोलावली.

पाण्याने वाट काढली, फक्त आमच्या घराकडे.

खणल्यावर पाईपचं तोंड गाळाने बुजलेलं. घरालगतच्या काटकोनी बेंडमध्ये तेलकट, पांढरट थर, त्यात शितं रुतलेली. शेवटी मोरीच 6 इंच उचलली, तोंड गटाराच्या भरल्या पाण्यावर घेतलं. काटकोनाच्या जागी 45 अंशांचे दोन बेंड, वळणावर चेंबर, भिंतीबाहेर गल्ली ट्रॅप. ट्रॅपमध्ये पाणी साचून राहतं, त्यामुळे वास आणि झुरळं पलीकडेच थांबतात. फार वापर नसलेल्या न्हाणीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता, नाहीतर ट्रॅपमधलं पाणी आटतं.

घर बांधत असाल तर माप गटारापासून घ्या. गटाराच्या भिंतीवर पावसाळ्यातल्या पाण्याची काळी रेघ असते, ती खरी पातळी. लेव्हल ट्यूब लावा, डोळ्यांवर विसंबू नका. चर बुजवण्याआधी खालचं टोक बंद करून पाईप भरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी प्रत्येक जोडाखाली हात फिरवा. आमच्या एका जोडाची रबर रिंग दुमडलेली निघाली. गच्चीचं पाणी या पाईपात सोडू नका. संडासाची लाईन तर उघड्या गटाराला नाहीच. तिला सेप्टिक टँक.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर डांबराचा आणखी एक थर पडला आणि गटाराचा काठही उचलला गेला. संध्याकाळी पट्टी घेऊन बघून आलो. तोंड अजून दोन बोटं वर आहे.