माप-वहीचे ॲप : कारागिराने ते स्वतः कसे तयार करावे?

ठाण्याच्या कोलशेत रोडवर एकेकाळी क्लॅरियंट, बायर अशा कंपन्यांचे रासायनिक कारखाने होते. त्या जमिनींवर आता उंच गृहसंकुले उभी आहेत. एखाद्या इमारतीचा ताबा मिळू लागला की स्लायडिंग खिडक्या, जाळ्या, ग्रिल, सोफे, पडदे यांची कामे एकदम निघतात. राबोडी-मुंब्र्याकडच्या कारागिरांना अशा वेळी कामाची वाण नसते. वाण असते ती नोंदीची. माप एका चिठ्ठीवर, आगाऊ रक्कम खिशातल्या डायरीत आणि काचवाल्याला कळवलेले आकडे व्हॉट्सॲपवर! बिलाच्या दिवशी ग्राहक म्हणतो, "एवढे फूट भरतच नाहीत," आणि कारागिराच्या हाती दाखवायला काही नसते. मग तडजोड होते आणि ती बहुधा कारागिराच्याच खिशातून होते.

यावर तोडगा म्हणून स्वतःचे ॲप करून घ्यावे, हे पूर्वी छोट्या माणसाच्या आवाक्यात नव्हते. नव्वदच्या दशकात ज्या व्यापाऱ्यांनी संगणक घेतले, त्यांच्यापैकी अनेकांनी एखाद्या जाणकाराकडून फॉक्सप्रोमध्ये हिशेबाचा प्रोग्राम लिहून घेतला. तो जाणकार नोकरीनिमित्त दुसरीकडे गेला की त्या प्रोग्रामला वाली उरत नसे. आज ही अडचण बरीच कमी झाली आहे. 'लो-कोड' म्हणजे संगणकाच्या आज्ञा हाताने फारशा न लिहिता, तयार भाग जोडून ॲप उभे करण्याची पद्धत. चेन्नईच्या झोहो कंपनीचे 'क्रिएटर' २००६ पासून हेच काम करते. 'ॲपशीट' नावाची अशीच सेवा गूगलने २०२० मध्ये विकत घेतली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर साध्या बोलीत सांगून सूत्रे व तक्ते तयार करून घेण्याचीही सोय झाली.

या धड्यासाठी आपण ॲपशीट घेऊ, कारण तिचा पाया म्हणजे गूगल शीटचा साधा तक्ता. ॲप करून पाहायला आणि दहापर्यंत माणसांनी ते वापरून तपासायला पैसे पडत नाहीत. ते नेहमीच्या कामासाठी चालू केले की मात्र माणशी, दरमहा आकार द्यावा लागतो.

पहिले काम फोनवर नव्हे, कागदावर करायचे. तीन तक्ते आखावेत. पहिला कामांचा : काम क्रमांक, ग्राहकाचे नाव, इमारत, सदनिका. दुसरा मापांचा : काम क्रमांक, खोली, रुंदी, उंची, नग, फोटो. तिसरा पैशांचा : काम क्रमांक, तारीख, रक्कम, रोख की यूपीआय. सगळे एकाच लांबलचक तक्त्यात कोंबू नये. एका घरात सात खिडक्या असल्या तर ग्राहकाचे नाव सात वेळा लिहावे लागते आणि सातांपैकी दोन ठिकाणी ते चुकतेच. तिन्ही तक्त्यांना जोडणारा दोरा म्हणजे काम क्रमांक. तो एकदा दिला की बदलायचा नाही आणि दुसऱ्या कामाला द्यायचा नाही.

हे तक्ते जोडले की ॲपशीट स्वतःच फोनवर भरायचे फॉर्म तयार करते. नव्या इमारतीत वरच्या मजल्यांवर पुष्कळदा रेंज नसते. तिथे नोंद फोनमध्येच ठेवता येते आणि खाली आल्यावर ती मूळ तक्त्यात जाते. फॉर्ममध्ये ग्राहकाची बोटाने केलेली सही घेण्याचीही सोय आहे. माप घेतल्याबरोबर त्याच जागी सही घेतली तर बिलाच्या दिवशीचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

आता हिशेबाकडे येऊ, कारण खरी मेख इथेच आहे. समजा, काच ४६ इंच रुंद आणि ५८ इंच उंच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला "चौरस फूट काढण्याचे सूत्र दे" म्हटले तर ते गुणाकार करून १४४ ने भागेल आणि उत्तर येईल १८.५३ चौरस फूट. गणित बिनचूक आहे, पण धंदा चुकला! पुष्कळ काचवाले माप पुढच्या तीन इंचांच्या पटीत धरतात. म्हणजे ४६ चे ४८ आणि ५८ चे ६० होतात, आणि आपल्याला २० चौरस फुटांचे पैसे मोजावे लागतात. एका काचेमागे सुमारे दीड चौरस फुटाचा फरक पडला. चाळीस काचांचे काम असेल तर जवळपास ५९ चौरस फूट काच आपण पदरमोड करून बसवली. काचेचा भाव १०० रुपये फूट धरला तरी ५,९०० रुपये गेले. हे ज्ञान यंत्राजवळ नाही, आपल्या उस्तादाजवळ आहे. म्हणून यंत्राला सांगताना असे सांगावे : "रुंदी आणि उंची दोन्ही आधी पुढच्या तीनच्या पटीत वाढव, मग गुणून १४४ ने भाग. माप आधीच तीनच्या पटीत असेल तर वाढवू नकोस." आपला काचवाला सहाच्या पटीत मोजत असेल तर सहा सांगा. ग्राहकाला कोणत्या मापाने बिल लावणार, हेही कोटेशनवर आधीच लिहा. काचवाल्याचे माप आणि ग्राहकाचे माप हे दोन वेगळे रकाने ठेवलेले बरे.

सूत्र मिळाले की त्यावर लगेच विसंबू नये. जुन्या, हिशेब मिटलेल्या पाच बिलांची मापे त्यात घालून पाहावीत. पाचही उत्तरे जुळली तरच पुढे जावे. जुन्या वहीच्या पानाचा फोटो देऊनही ही साधने तक्ता करून देतात. पण घाईच्या अक्षरात एक आणि सात यांची गफलत होते, म्हणून प्रत्येक आकडा वहीशी ताडून घ्यावा.

उधारी लिहून ठेवावी, हे या पानाच्या वाचकांना कोणी नव्याने सांगायला नको. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. बाजारातल्या काही तयार ॲपांत थकबाकीवर व्याज किंवा दंड लावण्याचा रकाना आधीच असतो. आपले ॲप आपण केलेले असल्याने तो रकाना ठेवायचा की नाही हे आपल्याच हाती राहते.

दोन सावधगिऱ्या. ग्राहकांचे फोन, सदनिका क्रमांक आणि घराच्या आतले फोटो ही त्यांची अमानत आहे. यासंबंधी देशात २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. कारागीर मुलांना फक्त त्यांच्या कामाची पाने दिसतील अशी परवानगी ठेवावी, आणि कोणी काम सोडले की त्याच दिवशी ती काढून घ्यावी.

दुसरी अधिक महत्त्वाची. ॲप बहुधा घरातला किंवा शेजारचा शिकलेला मुलगा करून देतो आणि ते त्याच्याच ईमेल खात्यावर उभे राहते. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचे फॉक्सप्रोचेच रडगाणे पुन्हा! खाते दुकानाच्या नावाने काढा, त्याचा पासवर्ड मालकाजवळ असू द्या, आणि त्याला जोडलेला फोन नंबरही मालकाचाच असावा. तक्ते गूगल शीटमध्ये असल्याने उद्या ॲपशीट महाग झाली किंवा बंद पडली तरी नोंदी हातच्या जात नाहीत. तरीही दर शनिवारी तिन्ही तक्ते एक्सेल फाइल म्हणून उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावेत. पहिला महिनाभर वही बंद करू नये. दोन्हीकडे लिहावे आणि महिनाअखेरीस येणे-बाकीचा आकडा दोन्हीकडे एकच येतो का ते पाहावे.