दुष्काळी वर्षातील पाणी आणि पुणे महानगरपालिका
(नागरिकशास्त्र व अंकगणित : वरच्या इयत्तांसाठी)

दौंड वा इंदापूर तालुक्यातील शाळेत महानगरपालिकेचा पाठ मुलांस परका वाटतो. महापौर, आयुक्त, स्थायी समिती ही नावे ती पाठ करतात व परीक्षा संपताच विसरतात. यात मुलांचा दोष थोडा. परंतु ज्या कालव्याच्या पाण्यावर गावचा ऊस उभा असतो, तो कालवा पुणे शहराच्या पोटातूनच पुढे येतो. पाऊस दगा देतो त्या वर्षी शहरातील नळ व गावची चारी यांचा प्रश्न एकच होऊन बसतो. शिक्षकांनी पाठाचा प्रारंभ या चारीपासून करावा.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगावी. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे बांध घालून भुयारी नळाने शहरातील हौदांत पाणी आणले. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. त्यानंतर ही धरणे नव्याने उभी राहिली व वरसगाव आणि टेमघर यांची त्यांत भर पडली. या चार धरणांत मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी मावते. वृत्तपत्रांत यासच टी.एम.सी. म्हणतात.

आता मुख्य मुद्दा. धरणातील पाणी महानगरपालिकेच्या मालकीचे नाही. ते राज्य शासनाचे आहे. कालव्यास पाणी केव्हा व किती सोडावे, याचा विचार पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील कालवा सल्लागार समितीत होतो. महानगरपालिकेच्या हाती आपल्या वाट्याच्या पाण्याची वाटणी तेवढी असते. हा भेद मुलांच्या ध्यानी आला नाही, तर पुढील सारा पाठ व्यर्थ जाईल.

२०१५ साली पाऊस अपुरा पडला. सप्टेंबरपासून पुणे शहरात एक दिवसाआड पाणी देण्यास प्रारंभ झाला. ज्यांच्या घरी मोठी टाकी होती त्यांचे निभावले. ज्या वस्तीत एका नळावर दहा घरे, तेथे हंडे व बादल्यांच्या रांगा लागल्या. कपात सर्वांस सारखीच असली तरी तिची झळ सारखी नसते, हे मुलांस येथे दाखवावे. पुढे मे २०१६ मध्ये दौंड व इंदापूर यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी सुमारे एक अब्ज घनफूट पाणी कालव्यातून सोडण्याचा निर्णय झाला, तेव्हा शहरातील अनेक नगरसेवकांनी त्यास कडाडून विरोध केला. आपल्या मतदारांच्या घागरी रिकाम्या असता त्यांनी दुसरे काय बोलावे? आणि कालव्याच्या शेपटाकडील माणसाने तरी तहान कोणापुढे मांडावी?

येथे अंकगणिताचा तास जोडून घ्यावा. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ३१ लाख होती. माणशी रोज १३५ लिटर धरल्यास रोजची गरज ४१ कोटी ८५ लाख लिटर होते. एक अब्ज घनफूट पाणी त्या वस्तीस किती दिवस पुरेल? उत्तर सुमारे ६७ दिवस येते. वर्षाचा हिशेब केल्यास साडेपाच अब्ज घनफुटांहून किंचित कमी भरते. शहरास मंजूर असलेला कोटा मात्र साडेअकरा अब्जांचा होता. हा फरक पाहून मुले 'शहरवाले पाणी चोरतात' असे म्हणतील. तसे म्हणू देऊ नये. वाढलेली वस्ती, जुन्या नळांची गळती, मोजणीचा अभाव ही कारणे फळ्यावर लिहावीत. उसाच्या एका एकरास किती पाणी लागते, हाही प्रश्न त्याच फळ्यावर असावा. शहराने वापरलेले सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याहून जुन्या कालव्यात शेतीसाठी सोडण्याची योजना झाली आहे. वर्षास साडेसहा अब्ज घनफूट पाणी असे परत मिळावे, अशी अपेक्षा होती. ते पाणी शेतापर्यंत कसे येते, हे कालव्याकाठची मुले शिक्षकांहून अधिक जाणत असतील. त्यांस बोलू द्यावे.

पाण्याप्रमाणे पैशाचीही वाटणी असते. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात व मुख्य सभा ते मंजूर करते. २०२२ च्या मार्चमध्ये सभासदांची मुदत संपली, तेव्हा सभेचे हे अधिकार प्रशासकाकडे गेले होते. २००६–०७ पासून पुण्यात नागरिकांनीही आपल्या प्रभागातील लहान कामे सुचवावीत अशी प्रथा सुरू झाली. पादचारी मार्ग, दिवे, बाके, बसथांबे, स्वच्छतागृहे अशी कामे त्यात बसतात. अशी कामे डोळ्यांस दिसतात. जमिनीखालची गळकी नळवाहिनी कोणास दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी अर्जही फारसा कोणी करीत नाही. तिचा खर्च तर प्रभागाच्या रकमेत मावणाराच नव्हे. साठवण टाक्या, नव्या वाहिन्या व मीटर यांच्या योजनेसाठी महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ते याच कारणाने.

पाठाच्या शेवटी वर्गातच सभा भरवावी. एकाने आयुक्त व्हावे, काहींनी नगरसेवक. एका मुलीने वस्तीतील गृहिणीची बाजू मांडावी, एकाने इंदापूरच्या शेतकऱ्याची, एकाने बाक मागणाऱ्या वृद्धाची. धरणांत पाच अब्ज घनफूट पाणी उरले असून पावसास दोन महिने अवकाश आहे, असे समजावे. शिक्षकांनी निर्णय सुचवू नये. मात्र प्रत्येक वक्त्याने आकडा सांगूनच मागणी केली पाहिजे, एवढा नियम पाळावा. सभेनंतर पाटकऱ्यास शाळेत बोलावून यंदाच्या पाळ्यांच्या तारखा विचारून घ्याव्यात व त्या वर्गाच्या भिंतीवर लावाव्यात.