कपाटातला संच

मुलुंड (पूर्व)

चि. सोनू,


घाटकोपरच्या शाळेत तुला पहिलीचा वर्ग मिळाला आणि कपाटात पातळीवार गोष्टींचा संचही आहे, असं ताई म्हणाली. मुलांच्या हाती देण्याआधी तो सगळा संच तू स्वतः मोठ्याने वाच. वर 'पातळी १' छापलंय म्हणून पुस्तक सोपं असेलच असं नाही.

प्रथम बुक्सच्या गोष्टी चार पातळ्यांत असतात. एनसीईआरटीच्या 'बरखा' मालिकेतल्या ४० गोष्टीही चार स्तरांत लावल्या आहेत. पहिल्या पातळीला चित्रं मोठी, वाक्यं आखूड. पण मराठीत वाक्य आखूड असून भागत नाही. पोरगं काना-वेलांटीशी झटत असतं आणि समोर येतं 'दप्तरातल्या'. दप्तर रोज पाठीवर असतं त्याच्या, तरी दोन जोडाक्षरं आणि मागे लागलेले प्रत्यय यांत ते त्याला सापडत नाही. भाषांतरित पुस्तकांत तर हे हटकून होतं. म्हणून जोडाक्षरं मोज, आणि त्यावरून संच पुन्हा लाव.

मूल कुठवर आलंय हे बघायला 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीतली रीत चांगली आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'प्रथम'चं काम १९९५ मध्ये आपल्या मुंबईतल्याच वस्त्यांतून सुरू झालं, माहीत असेल तुला. कोण कुठवर आलंय याची नोंद मात्र तुझ्या वहीत राहू दे. पुस्तकांना रंगीत ठिपके लावलेस की आठवड्यात 'तो लालवाला' अशी हाक सुरू होते, आणि लालवाला मग पुस्तकाला हात लावत नाही.

चित्रावर आधी भरपूर गप्पा मार. वाचताना मात्र कान देऊन ऐक. चित्रात मांजर, खाली लिहिलंय 'बोका', आणि मूल झोकात 'मांजर' म्हणालं, तर ते वाचन नव्हे. चित्रावर हात ठेव आणि पुन्हा वाचायला सांग. इंग्रजीत स्पेलिंग दगा देतं, म्हणून तिथे अंदाजाने वाचण्याला बरीच वर्षं उत्तेजन मिळालं. आता तिथेही त्यावर वाद आहेत. आपलं अक्षर बहुतेक वेळा सरळ बोलतं.

आणि रोज दहा मिनिटं तू वाचून दाखव, पातळीबितळी न बघता. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' घे. पहिलीतल्या मुलाला स्वतः वाचता येतं त्याहून कितीतरी अधिक ऐकून कळतं.

पुस्तकं घरी जाऊ देत. फाटतील. चिकटपट्टी मी देते.

शनिवारी येशील तेव्हा पिशवीत चार-पाच पुस्तकं घालून आण, मिळून लावू.

तुझी,
मावशी