घराभोवतीच्या गांधीलमाश्या : ओळख व बंदोबस्त

रायपूर शहरातील तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील कौलारू घराची वळचण असो, की नव्या वसाहतीतील सिमेंटच्या सज्जाची खालची बाजू असो, गांधीलमाशीला दोन्ही जागा सारख्याच सोयीच्या वाटतात. ऊन-पावसापासून आडोसा असावा आणि भाजीपाला, फुलझाडे जवळ असावीत, एवढीच तिची गरज असते. तेथील हिंदी भाषक शेजारी तिला बर्र किंवा ततैया म्हणतात. नाव कोणतेही असो, पोळे दृष्टीस पडताच ते जाळून टाकावे, असेच बहुतेकांच्या मनात येते. हा विचार नेहमीच योग्य असतो काय? याचे उत्तर देण्यापूर्वी ते घर कोणाचे आहे, हे पाहिले पाहिजे.

मातीचे घर

भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत किंवा कपाटामागे चिखलाचा गोळा थापलेला दिसला, तर ते बहुधा कुंभारीण माशीचे घर होय. ही माशी एकटी राहते. तिची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. ओल्या जागेवरून चिखलाच्या गोळ्या आणून ती नळीसारखे कप्पे रचते. प्रत्येक कप्प्यात ती नांगी मारून लुळे केलेले कोळी भरते, एक अंडे घालते आणि कप्प्याचे तोंड लिंपून टाकते. हिचीच एक नातलग सुगडासारखे इवलेसे मडके घडवते व त्यात कोळ्यांऐवजी अळ्या साठवते.

आपल्या वाङ्मयात कीटक-भृंग न्याय प्रसिद्ध आहे. भृंगीने कोंडलेली अळी तिच्याच ध्यासाने अखेर भृंगी बनते, अशी ती कल्पना. जुन्या लोकांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, हे खरेच होते. मात्र मधली घटना मातीच्या भिंतीआड घडत असल्यामुळे त्यांना दिसली नाही. आत नेलेली अळी हे वस्तुतः अन्न असते. अंड्यातून निघालेले पिल्लू ते खाऊन वाढते, कोशात जाते आणि शेवटी माती कुरतडून माशीच्या रूपाने बाहेर पडते.

कुंभारीण आपल्या घराच्या रक्षणासाठी सहसा माणसावर धावून जात नाही. म्हणून हे घर काढण्याची घाई करू नये. मातीला गोल छिद्रे पडली, म्हणजे पिल्ले निघून गेली असे समजावे आणि मग ते खरवडून टाकावे.

कागदाचे पोळे

दुसऱ्या प्रकारचे पोळे राखी किंवा तपकिरी रंगाचे असून बारीक देठाने लटकलेले असते. त्याचे कप्पे उघडे असतात. माशी वाळलेल्या लाकडाचे व वनस्पतींचे तंतू खरवडते, ते लाळेत कालवते आणि त्या लगद्याचा कागद बनवते. हे पाहूनच १७१९ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने, चिंध्यांऐवजी लाकडापासूनही कागद करता येईल, असे सुचवले होते.

या माश्या कुटुंब करून राहतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गाडगकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या भारतीय जातीचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यात असे दिसून आले, की या जातीची राणी स्वभावाने शांत असते. तिला दूर केल्यास कामकरी माद्यांपैकीच एक तिची जागा घेते. यावरून एखादी माशी मारल्याने पोळे मोडत नाही, हे ध्यानात येईल. शिवाय माशी मधमाशीप्रमाणे नांगी गमावत नाही, त्यामुळे ती पुनःपुन्हा डंख करू शकते.

पण हीच माशी भाजीपाल्यावरील अळ्या पकडून, चावून आपल्या पिल्लांना भरवते. बागेच्या कोपऱ्यातील, रहदारीपासून दूर असलेले पोळे म्हणून तसेच राहू द्यावे. दाराशी, झोपण्याच्या जागेजवळ अथवा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणी असलेलेच काढावे.

काढण्याची रीत

पोळे जितके लहान, तितके काम सोपे. देठावर दोन-चार कप्पेच असतील आणि राखण करणारी माशी अन्नासाठी बाहेर गेली असेल, तर लांब काठीने ते पाडावे. माशी पुन्हा त्याच जागी बांधू लागली, तर पुन्हा पाडावे. पोळ्यावर बऱ्याच माश्या बसलेल्या असतील, तर अनुभवी माणसास बोलवावे. शिडीवर चढून हे काम कधीही करू नये. डंखापेक्षा पडण्याचाच धोका अधिक असतो. रॉकेलचा पेटता बोळा लावणे तर सर्वस्वी वर्ज्य होय. त्याने पोळ्यासोबत छपराचे लाकूडही पेटू शकते.

भिंतीच्या एकाच भोकातून मोठ्या आकाराच्या माश्या सतत ये-जा करीत असतील किंवा झाडावर कागदी आवरणाचा बंद गोळा दिसला, तर तेथे आपण हात घालू नये. भोकही बुजवू नये. आतील माश्या घरात शिरू शकतात.

डंख झाल्यास

प्रथम तेथून दूर जावे. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची घडी ठेवावी. विष त्वचेच्या आत गेलेले असल्यामुळे वरून चुना लावल्याने ते नाहीसे होत नाही. मात्र श्वास घेण्यास त्रास, जीभ किंवा चेहरा सुजणे, सर्वांगावर गांधी उठणे वा भोवळ येणे यांपैकी काहीही झाले, तर एक क्षणही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शनच प्राण वाचवते. तोंडात डंख झाल्यास किंवा अनेक डंख झाल्यासही रुग्णालयात जावे.

निरीक्षणासाठी

१. घराभोवतीची पोळी दुरून पाहावीत व ती मातीची आहेत की कागदी, याची नोंद करावी.
२. कुंभारीण चिखल कोठून आणते, ते शोधावे.
३. मातीच्या रिकाम्या घरात काय उरले आहे, ते भिंगातून पाहावे.

जे ओळखले, त्याचे भय बेताचे राहते; आणि बंदोबस्तही बेताचाच पुरतो.