पदवी प्रवेश आणि निरनिराळ्या बोर्डांचे गुण



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की संस्थेच्या कार्यालयात मुलामुलींची वर्दळ सुरू होते. "काका, मला ७८ टक्के आहेत, अमक्याला ९१ आहेत, मग त्यालाच प्रवेश मिळणार ना?" हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी मुलगी राज्य बोर्डाची असते, अमका सीबीएसईचा असतो. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

मी बँकेत कारकून आहे. आमच्याकडे कोणी १०० डॉलर आणि १०० रुपये घेऊन आला तर ते २०० म्हणून आम्ही मोजत नाही. आधी दर पाहतो. गुणांचेही तसेच आहे. प्रत्येक बोर्डाचा अभ्यासक्रम निराळा, प्रश्नपत्रिका निराळी, अंतर्गत गुण देण्याचा हात निराळा. कुठे भाषेत ९५ सहज मिळतात, कुठे ७५ मिळवताना घाम फुटतो. विद्यापीठापुढे मात्र हे सारे अर्ज एकाच गठ्ठ्यात येऊन पडतात.

यावर एक उपाय म्हणजे पर्सेंटाइल. टक्के आणि पर्सेंटाइल यांत पुष्कळ जण गल्लत करतात. समजा, एका बोर्डाच्या १,००,००० मुलांपैकी २०,००० मुलांना ९० टक्के किंवा जास्त मिळाले. दुसऱ्या बोर्डाच्या ५०,००० पैकी १०,००० मुलांना ७६ टक्के किंवा जास्त मिळाले. दोन्हीकडे वरचा पाचवा हिस्साच झाला. म्हणजे पहिल्याचे ९० आणि दुसऱ्याचे ७६ यांची जागा रांगेत सारखीच, दोघेही ८० पर्सेंटाइलवर. अभियांत्रिकीच्या जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ या काळात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते आणि ते गुण अशाच रीतीने समान पातळीवर आणून धरले जात. २०१७ पासून ते वजन काढून टाकले. आयआयटी प्रवेशासाठी आजही बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे, यांपैकी एक अट पुरी करावी लागते. ही दुसरी अट कडक बोर्डाच्या मुलाला वाचवते, हे पुष्कळांना माहीतच नसते.

या हिशेबातही एक गृहीत लपलेले आहे. सर्व बोर्डांची मुले सरासरीने सारखीच हुशार, असे धरूनच तो चालतो. शहरातील निवडक शाळांच्या छोट्या बोर्डाला त्यामुळे तोटा होतो, अशी ओरड होते आणि ती अगदीच खोटी नाही. पण पाड्यावरच्या आणि तालुक्याच्या शाळांना कधी तरी झुकते माप मिळाले तर मला त्याचे फार दुःख होत नाही, हेही सांगून टाकतो.

जिथे ही जुळवाजुळव केलीच नाही तिथे काय घडते, याचे उदाहरण दिल्ली विद्यापीठाचे. तेथे कॉलेजे कटऑफ जाहीर करीत आणि जो कटऑफ गाठेल त्याला प्रवेश नाकारता येत नसे. २०११ साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने वाणिज्य शाखा न घेतलेल्यांसाठी बी.कॉम.चा कटऑफ चक्क १०० टक्के लावला. २०२१ साली कोरोनामुळे बहुतेक बोर्डांच्या परीक्षाच झाल्या नाहीत. आपल्या राज्य बोर्डाने दहावी, अकरावी व बारावीच्या अंतर्गत कामाचे ३०, ३० आणि ४० टक्के धरून निकाल लावला, तो ९९.६३ टक्के लागला. त्या वर्षी दिल्लीच्या हिंदू कॉलेजात राज्यशास्त्राचा कटऑफ १०० होता. केरळ बोर्डाची पूर्ण १०० टक्के गुण असलेली मुले एवढ्या संख्येने आली की जागांपेक्षा प्रवेश कितीतरी अधिक झाले, आणि वाद पेटला. मुलांचा दोष काहीच नव्हता. बोर्डाने दिलेले गुण घेऊन ती आली होती.

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामायिक परीक्षा सुरू झाली. ती मराठीसह १३ भाषांतून देता येते. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकल्यास १ वजा. एका विषयाची परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून तेथेही पर्सेंटाइलच्या आधारे गुण समान पातळीवर आणतात. (बोर्डांची अडचण टाळायला परीक्षा आणली आणि सत्रांची अडचण उभी राहिली!) दिल्लीत आता बारावीचे गुण पात्रतेपुरते आणि दोघांचे गुण सारखे आले तर निवाडा करण्यापुरते उरले.

या परीक्षेने ९५ टक्क्यांचा अडसर काढला, हे खरे. ६५ टक्क्यांची मुलगीही आता रांगेत उभी राहू शकते. पण प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात आणि ती पुस्तके मुख्यतः हिंदी, इंग्रजी व उर्दूत निघतात. प्रश्नपत्रिका मराठीत, पुस्तक परक्या भाषेत, अशी आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची कोंडी होते. याउलट आपल्या राज्याच्या एमएचटी-सीईटीचा अभ्यासक्रम राज्य बोर्डाचाच आहे, अकरावीला सुमारे २० आणि बारावीला ८० टक्के वजन आहे आणि तेथे चुकीला गुण कापत नाहीत. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी राज्यातील बहुतेक कॉलेजे अजूनही बारावीच्या गुणांवरच यादी लावतात.

आणखी एक पद्धत आहे, ती मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मागास जिल्ह्यांतून शिकलेल्या उमेदवारांना काही वाढीव गुण देतात. जिल्हा मागास कसा ठरवायचा? स्त्रियांची साक्षरता, शेतीवर राबणाऱ्यांचे प्रमाण, ग्रामीण लोकसंख्या आणि शौचालय नसलेली घरे, असे जनगणनेतील आकडे पाहून. हे सारे मिळून १० गुणांपलीकडे जात नाही. १९८३ नंतर ही पद्धत बंद पडली होती, १९९० च्या दशकात पुन्हा आली. विद्यार्थी कुठून चालत आला, हेही मोजमापात धरावे, असा त्यामागील विचार. परदेशी भाषांच्या बी.ए. ऑनर्सला अर्ज करणाऱ्यांनी ही तरतूद माहितीपत्रकात जरूर पाहावी.

आता माझ्या चुकीविषयी. दोन वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतील एका मुलीचा सीयूईटीचा अर्ज मी भरला. बारावीला तिला मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे विषय होते. मानसशास्त्र सोपे जाते, असे कोणीतरी मला सांगितले होते. मी समाजशास्त्राऐवजी ते टाकले. तिने मन लावून अभ्यास केला, गुणही चांगले आणले. पण दिल्ली विद्यापीठ बारावीला जे विषय घेतले तेच सीयूईटीत धरते. मानसशास्त्र धरले गेले नाही, एक भाषा आणि तीन विषय ही बेरीज जुळली नाही आणि राज्यशास्त्र ऑनर्सची पात्रताच गेली. नियम माहितीपत्रकात छापलेला होता. मी वाचला नव्हता. मुलगी काही बोलली नाही. तिचे वडील उलट मलाच चहा पाजून गेले. ती आता येथेच बी.ए. करीत आहे.

तेव्हापासून मी अर्जाला हात लावण्याआधी त्या त्या विद्यापीठाची विषयांची यादी छापून घेतो आणि मुलाच्या विषयांसमोर पेन्सिलीने खुणा करतो. अर्ज निकालाच्या आधीच भरावे लागतात, तेव्हा गुणपत्रिका हाती नसते. म्हणून रविवारी सकाळी १० नंतर संस्थेच्या कार्यालयात येताना बारावीचे हॉल तिकीट सोबत आणावे. त्यावर विषयांची नावे असतात.