तो काय मना करतो ते पाहा

पंढरपुरात वाढलेल्या माणसाला बुवाबाजी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ढोंगी साधूंवर तुकोबांनी ओढलेले कोरडे आम्ही ख्रिस्ती मुलांनीही शाळेत पाठ केले. देवापुढच्या पैशाचा हिशेब लागायला किती काळ जातो, तेही या गावानं पाहिलं. विठ्ठल मंदिराचा कायदा 1973 चा. बडवे-उत्पात या पुजाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क संपले यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली ती जानेवारी 2014 मध्ये. तरीही इथल्या मोजक्या ख्रिस्ती घरांत एक समज होता, की असलं सगळं ‘त्यांच्याकडे’ चालतं, आपल्याकडे पवित्र शास्त्र आहे.

खोटा शिक्षक शास्त्र काखेत घेऊनच येतो. आमच्याकडे आलेला बाहेरगावचा होता. मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन तीन दिवसांची आरोग्यसभा ठेवली होती. मी मांडीवर बायबल उघडं ठेवून त्याचं बोलणं ऐकलं. त्यानं सांगितलेली वचनं जिथल्या तिथं होती, एकही चुकलं नाही. म्हणून जे म्हणतात की वचन ताडून पाहिलं म्हणजे झालं, त्यांचं मला पुरतं पटत नाही. तो व्यासपीठावर काय शिकवतो याच्यापेक्षा खाली उतरल्यावर काय मना करतो, तिकडे लक्ष द्यावं.

मी नर्स. मिरजेला शिकले, डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. माझ्या धाकट्या जावेच्या मुलाला लहानपणापासून मधुमेह, इन्शुलिनवरचा. दुसऱ्या रात्री त्या माणसानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला, ‘बरा झालास’ म्हणाला, आणि तिथंच मोबाइलवर त्याची साक्ष रेकॉर्ड केली. सभा संपल्यावर जावेला बाजूला घेऊन सांगितलं, की आता सुई टोचाल तर देवावर अविश्वास दाखवाल. ग्लुकोमीटरही पाहायचा नाही. आणि काकूंना, म्हणजे मला, आत्ताच काही बोलू नका, त्या जगिक बुद्धीच्या आहेत.

या प्रकारच्या मधुमेहात शरीर स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. डोस थांबला की दोन-तीन दिवसांतच रक्तात आम्ल साठायला लागतं. मला निरोप आला तेव्हा पोराला उलट्या होत होत्या, श्वास खोल आणि भराभर चालला होता, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. ग्लुकोमीटरवर आकडा येईना, नुसतं ‘हाय’. सोलापूरला हलवावं लागलं. वाचला. जावेनं त्या माणसाला फोन लावला तर उत्तर मिळालं, ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ पोरगा आठवड्याभरात हिंडायला लागला. ते वाक्य मात्र त्याची आई कितीतरी महिने छातीवर घेऊन फिरत होती. या हिशेबात तो माणूस कधीच चुकत नाही. बरं झालं तर त्याचा अभिषेक, नाही झालं तर तुमचा अविश्वास.

आता शास्त्र काय सांगतं ते पाहू. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे पाठवतो, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तपासून ते शुद्ध झाल्याचं ठरवावं. खऱ्या आरोग्याला तपासणीचं भय नव्हतं. पौलाबरोबर हिंडणारा लूक स्वतः वैद्य, आणि तीमथ्याच्या दुखऱ्या पोटासाठी पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्याला विश्वासाचा उणेपणा म्हणत नाही. बिरुयाचे लोक तर प्रत्यक्ष पौलाचं बोलणं रोज शास्त्राशी ताडून पाहत, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची वाखाणणी आहे.

आद्य मंडळ्यांना हा ताप नवा नव्हता. ‘डिडाखे’ नावाची एक छोटी नियमावली आहे, पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची. तिचं हस्तलिखित 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. फिरत्या संदेष्ट्याला ओळखायचं कसं, हे तिच्यात अगदी गावातल्या शहाण्या बाईच्या व्यवहारानं सांगितलंय. एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशी मुक्काम ठोकला तर खोटा. निघताना वाटेपुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यानं भरून जेवण मांडायला सांगितलं आणि स्वतःच जेवायला बसला, तर तोही खोटा. आमच्याकडच्याची व्यवस्था लॉजमध्ये होती, एसी खोलीत.

पैशाचं बोलायचं तर त्याचा शब्द होता ‘बी पेरा’. हजाराचं बी, पाच हजारांचं बी, जसं बी तसं पीक. क्यूआर कोड संस्थेच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या नावाचा. पावती मागणाऱ्या आमच्या खजिनदाराला तो म्हणाला, ‘अभिषिक्ताला हात लावू नका.’ बी पेरण्याची ही शिकवण अमेरिकेतून आली. तिचे मोठे प्रचारक बेनी हिन 2004 मध्ये मुंबईत सभा घेऊन गेले होते. त्याच हिन यांनी 2019 मध्ये जाहीर कबूल केलं, की सुवार्तेला अशी किंमत लावणं हा पवित्र आत्म्याचा अपमान आहे. ही कबुली त्यांच्या सभांइतकी गाजली नाही. आमच्या मंडळीत दशांशाची पावती मिळते, आणि वार्षिक सभेत पंख्याच्या दुरुस्तीवरून दोन-दोन तास भांडणं होतात. अशी रटाळ भांडणं जिथं होतात, तिथं माणसं फसण्याची शक्यता कमी.

बायकांसाठी एक सांगते. बंद खोलीतल्या ‘खास प्रार्थने’ला मुलीला एकटीला पाठवू नका, बोलावणारा कुणीही असो. पंजाबचा बजिंदर सिंग, ज्याचे चमत्काराचे व्हिडिओ आमच्याही फोनवर फिरत, त्याला एप्रिल 2025 मध्ये मोहालीच्या न्यायालयानं बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली. गुन्हा 2018 चा. एवढी वर्षं त्याच्या सभा भरतच होत्या.

घरचं माणूस अशा कुणाच्या नादी लागलं तर वाद घालू नका, हसू तर मुळीच नका. त्याला आधीच बजावलेलं असतं, की घरचे विरोध करतील. तुम्ही ओरडलात की ते भाकीत खरं ठरतं. मी जावेशी वाद घातलाच नाही. पोर घरी आल्यावर तिच्याजवळ बसून लूकचा तो अध्याय दोघींनी मोठ्यानं वाचला, आणि इंजेक्शनच्या वेळी प्रार्थना करायची असं ठरवलं. दोन्ही एकाच वेळी. ती म्हणाली, ‘ताई, हे चालतं?’ म्हटलं, चालतं.

तक्रार करायची का, यावर मंडळीत मतभेद झाले. आम्ही थोडके. पोलिसांत गेलो तर गावात आपलंच नाव खराब होईल, कुणी धर्मांतराचा विषय काढील, अशी भीती होती, आणि ती उगाच नव्हती. पण ही माणसं त्या भीतीच्याच आडोशानं वावरतात. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, डॉक्टर दाभोलकरांच्या खुनानंतर झालेला. तो प्रार्थनेला मनाई करत नाही आणि धर्म पाहून लागू होत नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं, यासाठी त्यात सहा महिने ते सात वर्षांची शिक्षा आहे. त्या खेपेला बहुमत गप्प बसण्याच्या बाजूनं पडलं. मी विरोधात हात वर केला होता, आजही करीन.

एक ठराव मात्र एकमतानं झाला. बाहेरचा कुणी सभा घ्यायला येणार असेल तर पंच आधी त्याला लेखी विचारतात: कुठल्या मंडळीनं पाठवलं, तिथल्या पाळकाचं पत्र, हिशेब कोण तपासतं, आणि आजाऱ्यांनी औषधं चालू ठेवावीत असं व्यासपीठावरून सांगाल का. बहुतेकांकडून पुन्हा फोनच येत नाही. मागे एका म्हाताऱ्या पाळकांनी चारही प्रश्नांची उत्तरं सुवाच्य अक्षरात पाठवली. ते आले, उपदेश केला. जरा लांबला, पण बसलो सगळे.